स्लाइड लॅपटॉपवर लख्ख, मोबाइलवर धूसर: दर लेक्चरला परत येणारा दोष कुठे शोधायचा

विद्यार्थ्यांची तक्रार साधी असते: "मॅडम, स्लाइडवरचं वाचता येत नाही." मॅडमच्या लॅपटॉपवर तीच स्लाइड लख्ख दिसत असते. मग कुणीतरी सुचवतं म्हणून दोन-चार फोटो बदलले जातात, त्या लेक्चरपुरतं भागतं, आणि पुढच्या धड्याला पुन्हा तेच. मुंबईत हा त्रास जास्त जाणवतो. दादर, ठाणे, बोरिवलीच्या क्लासचं रेकॉर्डिंग बरीच मुलं लोकलमध्ये उभ्याने, मोबाइलवर, नेटवर्क जातंय-येतंय अशा अवस्थेत बघतात.

दोष परत येतो, कारण धूसरपणा शिरायच्या जागा चार आहेत: मूळ चित्र, पॉवरपॉइंटची फाइल, रेकॉर्डिंग किंवा एक्सपोर्ट, आणि शेवटी बघणाऱ्याचा स्क्रीन. आपण दर वेळी पहिल्याच जागेला हात घालतो. शिवाय चित्रं आपोआप हलकी करणारी सेटिंग त्या-त्या फाइलपुरती असते. एका फाइलमध्ये बदलली म्हणून पुढच्या फाइलमध्ये बदलत नाही.

खालचे आकडे विंडोजवरच्या पॉवरपॉइंटचे आहेत. गूगल स्लाइड्स किंवा मॅकवर वेगळं असेल तिथे तसं म्हटलं आहे.

आधी टप्पा पकडा

ज्या स्लाइडबद्दल तक्रार आहे ती निवडून शिफ्ट-एफ५ दाबा आणि पूर्ण स्क्रीनवर बघा. एडिट करतानाच्या खिडकीवर विसंबू नका, तिथे स्लाइड लहान करून दाखवलेली असते आणि लहान केलेलं सगळंच छान दिसतं. पूर्ण स्क्रीनवरच चित्र मऊ दिसत असेल तर दोष चित्रात किंवा फाइलमध्ये आहे, पुढे जायची गरज नाही.

इथे स्वच्छ आहे, पण तयार झालेली एमपी४ फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर चालवली की धूसर दिसते, तर दोष रेकॉर्डिंगच्या मापात. एमपी४ चांगली आहे आणि यूट्यूबवर टाकल्यावर बिघडली, तर आधी थोडा वेळ जाऊ द्या. यूट्यूब सुरुवातीला कमी दर्जाची आवृत्ती दाखवतं, एचडी नंतर तयार होते. तासाभराने प्लेयरच्या चाकावर क्लिक करून क्वालिटीत १०८०पी (म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल) दिसतंय का ते बघा. घाईघाईने तीच फाइल पुन्हा अपलोड करून काही साधत नाही, उलट रांग पुन्हा पहिल्यापासून लागते.

कॉम्प्युटरवर १०८०पीला सगळं ठीक, फक्त मोबाइलवर वाचता येत नाही, असं असेल तर रिझोल्यूशन कितीही वाढवलं तरी उपयोग नाही. तो अक्षराच्या आकाराचा प्रश्न आहे. मराठी कोर्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच टप्प्याकडे होतं, म्हणून त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

१६:९ म्हटलं तरी माप एकच नसतं

व्हिडिओसाठी स्लाइड १६:९ हवी, यात वाद नाही. घोळ होतो तो १६:९चीच वेगवेगळी मापं प्रचारात असल्यामुळे. पॉवरपॉइंट २०१३पासून नवी फाइल 'वाइडस्क्रीन' मापात उघडते: ३३.८७ × १९.०५ सेंमी, म्हणजे १३.३३ × ७.५ इंच. त्याच यादीत 'ऑन-स्क्रीन शो १६:९' नावाचं दुसरं माप आहे: २५.४ × १४.२९ सेंमी, म्हणजे १० × ५.६२५ इंच. गूगल स्लाइड्सचं नेहमीचं मापही हेच १० इंची. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

फरक कळतो तो स्लाइडची पीएनजी किंवा जेपीजी काढताना. पॉवरपॉइंट त्या वेळी एका इंचाला ९६ पिक्सेल धरतो. त्यामुळे १३.३३ इंची स्लाइडची प्रतिमा १२८० × ७२० निघते आणि १० इंची स्लाइडची फक्त ९६० × ५४०. ही दुसरी प्रतिमा १९२० × १०८०च्या व्हिडिओत घातली की ती दुप्पट ताणली जाते. ताणलेलं अक्षर कडेला विरघळणारच.

पीएनजी काढूनच काम करायचं असेल तर नवी फाइल सुरू करतानाच 'डिझाइन', 'स्लाइड साइझ', 'कस्टम' इथे जाऊन रुंदी ५०.८ आणि उंची २८.५७५ सेंमी टाका. म्हणजे २० × ११.२५ इंच, आणि ९६च्या हिशेबाने बरोबर १९२० × १०८०. गूगल स्लाइड्समध्ये 'फाइल', 'पेज सेटअप', 'कस्टम' इथे एकक पिक्सेल निवडून १९२० आणि १०८० टाकता येतं. मॅकवरचं पॉवरपॉइंट एक्सपोर्ट करतानाच रुंदी-उंची विचारतं, तिथे स्लाइडचं माप बदलावं लागत नाही.

स्लाइड्सवर आवाज रेकॉर्ड करून थेट व्हिडिओ काढणार असाल तर यातलं काहीच करू नका. 'फाइल', 'एक्सपोर्ट', 'क्रिएट अ व्हिडिओ' इथे 'फुल एचडी १०८०पी' निवडलं की पॉवरपॉइंट त्या मापात स्लाइड नव्याने रेखाटतो.

जुन्या ४:३ फाइली, म्हणजे २५.४ × १९.०५ सेंमीच्या, अजून पुष्कळ क्लासमध्ये आहेत. त्या १०८०पी व्हिडिओत १४४० × १०८० एवढ्या जागेत बसतात आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलचे काळे पट्टे राहतात. पट्टे राहिले म्हणून काही बिघडत नाही. ओढून १६:९ केलेली आकृती, जिच्यातलं वर्तुळ लंबगोल झालंय, ती भूमितीच्या तासाला काय कामाची? माप बदलायचंच असेल तर विचारणा आल्यावर 'मॅक्सिमाइझ' सोडून 'एन्शुअर फिट' घ्या, नाहीतर कडेचा मजकूर स्लाइडबाहेर जातो. नंतर स्लाइड मास्टर (सगळ्या स्लाइड्सचा मूळ साचा) उघडून तिथला लोगो आणि पार्श्वभूमीचं चित्र ताणलं गेलं नाही ना, एवढं तपासा.

चित्र: डीपीआय विसरा, पिक्सेल मोजा

छपाईच्या सवयीने "फोटो ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) द्या" असं सांगितलं जातं. स्क्रीनसाठी त्या आकड्याला अर्थ नाही. ४०० × ३०० पिक्सेलच्या फोटोवर ३०० डीपीआय लिहिलं तरी तो ४०० × ३००च राहतो. फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स', आणि तिथे 'डायमेन्शन्स' बघा. पूर्ण स्लाइड व्यापणाऱ्या फोटोला १९२० × १०८० हवेत, अर्ध्या स्लाइडच्या फोटोला ९६० × १०८०, चौथ्या हिश्श्याला ९६० × ५४०. ॲनिमेशनने चित्र दुप्पट मोठं करून दाखवणार असाल तर दोन्ही बाजूंना दुप्पट. याहून जास्त दिल्याने स्वच्छता वाढत नाही, फाइल फुगते. मोबाइलच्या ४००० × ३००० फोटोंनी भरलेली फाइल जुन्या लॅपटॉपवर अडखळते आणि मग कुणीतरी ती हलकी करायला 'कॉम्प्रेस पिक्चर्स' दाबतं. धूसरपणाचा दुसरा दरवाजा हाच.

पॉवरपॉइंट सेव्ह करताना चित्रं स्वतःहून लहान करू शकतो. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' इथे 'इमेज साइझ अँड क्वालिटी' असा भाग आहे. त्यात 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर खूण करा. त्या शीर्षकाशेजारी फाइलचं नाव असलेली यादी असते. आपण केलेला बदल फक्त त्या नावाच्या फाइलला लागू होतो. यादीतून 'ऑल न्यू प्रेझेंटेशन्स' निवडून तीच खूण पुन्हा केली, की पुढच्या फाइलींनाही ती लागते. दर लेक्चरला दोष परत का येतो याचं उत्तर अनेकदा या एका यादीत असतं.

कॉम्प्रेस करावंच लागलं तर स्लाइडच्या इंचांनी गुणून बघा. १३.३३ इंची स्लाइडवर १५० पीपीआय (इंचाला १५० पिक्सेल) म्हणजे २००० पिक्सेल रुंदी, १०८०पीला पुरेशी. तेच १५० पीपीआय १० इंची स्लाइडवर १५०० पिक्सेल देतात, म्हणजे कमी पडतात. तिथे २२० घ्यायला हवं. ९६ पीपीआय दोन्हीकडे टाळा. आणखी एक धोका असा, की कॉम्प्रेस होताना चित्र स्लाइडवर ज्या आकारात ठेवलंय त्याच आकाराचा हिशेब धरला जातो. कोपऱ्यात लहान ठेवलेला फोटो कॉम्प्रेस झाला आणि नंतर तुम्ही तो मोठा केला, तर गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

फाइलमध्ये चित्र खरंच केवढं उरलंय ते बघायची सोपी युक्ती आहे. पीपीटीएक्स फाइलची एक प्रत करा, तिच्या नावातलं शेवटचं पीपीटीएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. आत 'पीपीटी' फोल्डरमधल्या 'मीडिया' फोल्डरमध्ये सगळी चित्रं आत्ता आहेत त्या मापात दिसतात. कुठलं बदलायचं ते लगेच कळतं. बदलताना जुनं पुसून नवं घालू नका. चित्रावर राइट क्लिक करून 'चेंज पिक्चर' घ्या, जागा आणि ॲनिमेशन जसंच्या तसं राहतं.

चित्र कुठून आलं हेही विचारा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेतच लहान होतं. फळ्याचा, वहीचा, नकाशाचा फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. वेबसाइटचा स्क्रीनशॉट हवा असेल तर आधी ब्राउझरचा झूम १५० किंवा २०० टक्के करा आणि मग घ्या, हवा तेवढाच भाग दीडपट-दुप्पट पिक्सेलने मिळतो. स्क्रीनशॉट, तक्ते, आकृत्या पीएनजीत ठेवा, जेपीजी फक्त फोटोंसाठी. जेपीजीत सेव्ह केलेल्या अक्षरांभोवती जी बारीक घाण साठते ती नंतर पीएनजी करूनही जात नाही. एक्सेलचा आलेख चित्र म्हणून न चिकटवता आलेख म्हणूनच चिकटवा, तो कुठल्याही मापात धारदार राहतो.

रेकॉर्डिंगमध्ये कुठे बिघडतं

कमी किमतीच्या अनेक लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ × ७६८ असतो. त्यावरचा स्लाइड शो रेकॉर्ड करून १०८०पीत काढला की प्रत्येक पिक्सेल सुमारे १.४ पट ताणला जातो. पूर्णांक पट नसल्याने बारीक रेषा कुठे एक पिक्सेलची तर कुठे दोनची होते आणि शिरोरेषा लाटेसारखी दिसते. नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. स्क्रीन रेकॉर्ड करणंच टाळा: पॉवरपॉइंटमध्येच आवाज भरून वर सांगितल्याप्रमाणे १०८०पी व्हिडिओ काढा. ओबीएस (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) हवंच असेल तर १९२० × १०८०च्या पीएनजी काढून 'इमेज स्लाइड शो' सोर्समध्ये घाला. मग लॅपटॉपच्या स्क्रीनचं माप आड येत नाही.

ओबीएसमध्ये 'सेटिंग्ज', 'व्हिडिओ' इथे दोन मापं असतात, कॅनव्हासचं आणि आउटपुटचं. दोन्ही १९२० × १०८० आहेत ना ते बघा. कॅनव्हास १०८० आणि आउटपुट १२८० × ७२० अशी जोडी राहून गेलेली असते आणि वरवर सगळं बरोबर वाटतं.

झूमवर स्क्रीन शेअर करताना 'ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप'ची खूण काढा. ती हलत्या चित्रासाठी आहे, तिच्यामुळे स्थिर मजकूर धूसर होतो. नवी स्लाइड आली की पहिला एखादा क्षण ती मऊ दिसते आणि मग स्थिरावते. महत्त्वाचं सूत्र दाखवताना दोन सेकंद थांबून मग बोलायला सुरुवात करा. याच कारणाने फेड आणि मॉर्फसारखी संक्रमणं (स्लाइड बदलतानाचे इफेक्ट) शिकवण्याच्या स्लाइड्सवर नकोत.

टॅली किंवा एक्सेलचं प्रात्यक्षिक रेकॉर्ड करताना विंडोजच्या 'डिस्प्ले' सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के करून घ्या. फुल एचडी स्क्रीनवर १०० टक्क्यांत मेन्यूतली अक्षरं इतकी बारीक असतात की मोबाइलवर मुलाला नुसता कर्सर फिरताना दिसतो.

३६०पीवर काय उरतं

नेटवर्क कमी झालं की प्लेयर आपोआप ४८०पी, ३६०पीवर उतरतो. ३६०पी म्हणजे ६४० × ३६० पिक्सेल, तुमच्या १०८०पीच्या एक तृतीयांश उंची. स्लाइड तिथे वाचता आली पाहिजे.

हिशेब सोपा आहे. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणून ७.५ इंच उंचीची स्लाइड ५४० पॉइंटांची असते. फॉन्टचा पॉइंट आकार भागिले ५४०, गुणिले ३६०, म्हणजे ३६०पीवर उरणारे पिक्सेल. १८ पॉइंटचे उरतात १२. इंग्रजी अक्षर १२ पिक्सेलमध्ये कसंबसं निभावतं. देवनागरीला त्याच १२ पिक्सेलमध्ये वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय हे सगळं बसवावं लागतं. शिरोरेषेखालच्या मूळ अक्षराला जेमतेम निम्मी उंची मिळते. 'राष्ट्र'मधला ष्ट्र, 'सूक्ष्म'मधला क्ष्म यांचा ठिपका होतो, 'अर्थ'वरचा रफार शिरोरेषेत बुडतो. इंग्रजी कोर्सच्या स्लाइड्स त्याच टेम्पलेटमध्ये मराठीत केल्या की तक्रारी सुरू होतात त्या यामुळे.

३६०पीवर किमान १८-१९ पिक्सेल उरतील असा आकार ठेवा. १३.३३ इंची स्लाइडवर तो २८ पॉइंट येतो. पण १० इंची गूगल स्लाइडची उंची ४०५ पॉइंटच असते, तिथे २१ पॉइंट म्हणजे तेवढंच मोठं अक्षर. ५०.८ सेंमीच्या स्लाइडची उंची ८१० पॉइंट, तिथे मात्र ४२ पॉइंट लागतात. "आम्ही तर २८च ठेवलाय, तरी लहान का दिसतो?" याचं कारण हे. स्लाइडचं माप सांगितल्याशिवाय पॉइंटचा आकडा सांगण्यात अर्थ नसतो. या आकारात स्लाइडवर सात-आठ ओळीच बसतील. बाकीचा मजकूर पुढच्या स्लाइडवर न्या.

फॉन्ट सडपातळ नको. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी यांसारख्या युनिकोड फॉन्टचं 'मीडियम' किंवा 'सेमीबोल्ड' वजन घ्या, 'लाइट' नको. रेकॉर्डिंग दुसऱ्या कॉम्प्युटरवर होणार असेल तर 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर खूण करा, नाहीतर तिथे बदली फॉन्ट येऊन ओळी चौकटीबाहेर जातात.

आता एक उदाहरण नीट मांडू. भूगोलाच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या तासाला पश्चिम रेल्वेचा चर्चगेट ते विरार नकाशा दाखवायचा आहे. मुंबईचा नकाशा उभा आणि स्लाइड आडवी. शीर्षकाची जागा सोडून उंची उरते सुमारे ९०० पिक्सेल. तेवढ्यात २९ स्टेशनं बसवायची, म्हणजे एका नावाला ३१ पिक्सेल. ३६०पीवर त्याचे होतात १०, ओळींमधली मोकळी जागा धरून. 'चर्चगेट'चा रफार गेला, 'माटुंगा रोड'चा उकार गेला, 'मीरा रोड' आणि 'खार रोड' ओळखू येणं कठीण. मूळ नकाशा ४००० पिक्सेलचा असला तरी निकाल हाच.

उपाय तुकडे करण्याचा. पूर्ण नकाशा एकदा नावांशिवाय दाखवा, नुसती रेषा आणि तीन रंगांचे टप्पे. मग चर्चगेट ते दादर ९ स्टेशनं, दादर ते बोरिवली १४, बोरिवली ते विरार ८, अशा तीन स्लाइड्स. सगळ्यात गर्दीच्या मधल्या टप्प्यातही एका नावाला ६४ पिक्सेल मिळतात, ३६०पीवर २१. नावं नकाशाच्या चित्रात छापलेली ठेवू नका. चित्रावर टेक्स्ट बॉक्सने लिहा, म्हणजे ती प्रत्येक मापात नव्याने रेखाटली जातात.

पाठ्यपुस्तकाच्या पानालाही हेच लागू. ए४ पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर २४८० × ३५०८ पिक्सेल मिळतात, पण ते अख्खं स्लाइडवर उभं ठेवलं की १०८० पिक्सेल उंचीत आवळलं जातं, म्हणजे जेमतेम ९२ डीपीआय. ३६०पीवर ३१. तिथे कुठलंही स्कॅनर कामाला येणार नाही. पानाचा हवा तो परिच्छेद कापून पूर्ण रुंदीत लावा.

रंग आणि कोपरे

निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं व्हिडिओत पसरतात. नेहमीच्या एमपी४ व्हिडिओत उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक पिक्सेलला असते, रंगाची मात्र चार पिक्सेलच्या चौकोनाला एकच. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा फक्त रंग वेगळा आणि उजळपणा जवळपास सारखा असेल तर कड धरायला काही उरत नाही. गडद निळ्यावर पांढरं किंवा फिकट पिवळं, पांढऱ्यावर काळं, एवढंच वापरा.

खालची सुमारे १०८ पिक्सेलची पट्टी मोकळी ठेवा, प्लेयरची बटणं आणि सबटायटल्स तिथेच येतात. झूमच्या रेकॉर्डिंगमध्ये शिक्षकाचा चेहरा वर उजवीकडे येतो, म्हणून शीर्षक डावीकडून सुरू करून उजवा कोपरा सोडा.

आधीच झालेल्या रेकॉर्डिंगचं काय

७२०पीत धूसर निघालेला व्हिडिओ १०८०पीत पुन्हा एक्सपोर्ट केल्याने सुधारत नाही, फक्त जड होतो. मूळ पीपीटीएक्स आणि त्यात भरलेला आवाज शाबूत असेल तर तिथूनच नवा १०८०पी व्हिडिओ काढा, बोलणं पुन्हा रेकॉर्ड करावं लागत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंगच असेल तर स्लाइड्सची पीडीएफ काढून व्हिडिओखाली लिंक द्या. पीडीएफ सेव्ह करताना 'स्टँडर्ड' निवडा, 'मिनिमम साइझ' नको. टाइप केलेला मजकूर पीडीएफमध्ये अक्षर म्हणूनच राहतो, मोबाइलवर बोटांनी मोठा केला तरी फुटत नाही. चित्र म्हणून चिकटवलेले तक्ते मात्र तिथेही तसेच धूसर दिसतील, ते आधी फाइलमध्ये बदला आणि मग पीडीएफ काढा.